कॉमिक्समधील रंग : श्रम, नाव आणि शिक्षण

१

गेल्या पावसाळ्यात माझ्या महाविद्यालयातील बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एका अमेरिकन कॉमिक्सचे पान दाखवले. "सर, हे मी केलंय," तो म्हणाला. पान सुरेख होते. मी अंकाच्या सुरुवातीची नामावली पाहिली. लेखक, चित्रकार, शाई भरणारा, कलरिस्ट, अक्षरे लिहिणारा, संपादक अशी सर्वांची नावे होती. याचे नव्हते. मी विचारले, "तू यात नेमके काय केलेस?" तो म्हणाला, "फ्लॅट्स. रेषेच्या आतला प्रत्येक भाग वेगळा करून त्यात सपाट रंग टाकायचा. मग कलरिस्ट त्यावर छाया-प्रकाश करतो. मला पानामागे पैसे मिळतात." "आणि नाव?" "नाव देत नाहीत सर. तशी पद्धत नाही."

'पद्धत नाही' हे शब्द आपल्या वाचकांनी आयुष्यात अनेकदा ऐकलेले आहेत. कोणतीही पद्धत आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी, कोणाच्यातरी सोयीसाठी पाडलेली असते आणि पुढे तीच निसर्गनियमासारखी सांगितली जाते. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला या पद्धतीचा माग काढावासा वाटला. मी चित्रकार नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. लहानपणी कॉमिक्स मिळत ती रद्दीच्या दुकानात, बहुधा पहिले पान फाटलेली. त्यामुळे ती कोणी लिहिली आणि कोणी रंगवली हे कधी कळलेच नाही. आता कळते की, पहिले पान शाबूत असते तरी रंगवणाऱ्याचे नाव त्यावर सापडले नसते.

कॉमिक्सचा इतिहास लिहिणाऱ्यांनी लेखकांचा इतिहास लिहिला, रेषा काढणाऱ्यांचा लिहिला, मालक आणि निर्माते यांच्या भांडणांचा तर फार बारकाईने लिहिला. रंग कोणी भरले हा प्रश्न त्यांना बराच उशिरा पडला. या लेखाचा विषय तोच आहे.

२

अमेरिकेत रंगीत चित्रमालिका प्रथम आल्या त्या १८९० च्या दशकात, रविवारच्या वर्तमानपत्री पुरवण्यांतून. पुढे १९३३-३४ च्या सुमारास कनेटिकट राज्यातील वॉटरबरी येथील ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्यातून 'फेमस फनीज' निघाले आणि स्वतंत्र कॉमिक्स पुस्तिकेचा धंदा उभा राहिला. हा धंदा छापखान्याच्या यंत्रांच्या पोटातून जन्मला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्वस्त वर्तमानपत्री कागद, वेगाने फिरणारे छपाईयंत्र आणि चार शाया : पिवळी, मॅजेंटा, सायन आणि काळी. छापखान्यातले लोक मॅजेंटाला सरळ 'लाल' आणि सायनला 'निळा' म्हणत. काळ्या शाईने रेषा छापली जाई. उरलेल्या तीन शायांनी जगातले सगळे रंग दाखवायचे होते.

ते कसे दाखवत? शाई पातळ करता येत नाही. ठिपके लहानमोठे करता येतात. शाईने पंचवीस टक्के जागा व्यापली की रंग फिका दिसे, पन्नास टक्के व्यापली की मध्यम आणि पूर्ण व्यापली की गडद. म्हणजे शाई अजिबात नसणे धरून प्रत्येक रंगाच्या चार पायऱ्या झाल्या. तीन रंगांच्या चार पायऱ्या एकमेकांशी जुळवल्या की चौसष्ट मिश्रणे होतात. सुपरमॅनचा झगा, जंगल, समुद्र, रक्त, आकाश आणि माणसाची कातडी, सर्व काही या चौसष्टांत बसवायचे.

कलरिस्टचे काम असे असे. त्याला किंवा तिला काळ्या रेषेच्या चित्राची लहान केलेली प्रत मिळे. तिच्यावर पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी रंग भरायचे आणि प्रत्येक भागाशेजारी सांकेतिक अक्षरे लिहायची. 'वाय२ आर२' म्हणजे पंचवीस टक्के पिवळा व पंचवीस टक्के लाल. हा संकेत गोऱ्या माणसाच्या कातडीचा. रंगवलेली ही प्रत छापली जात नसे. ती केवळ सूचना होती. सूचना अमलात आणणारे हात दुसरेच होते.

३

हे हात होते कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट या गावातल्या स्त्रियांचे. तेथील केमिकल कलर प्लेट या कंपनीत अनेक वर्षे अमेरिकेतील बहुसंख्य कॉमिक्सचे रंगविभाजन होत असे. पारदर्शक अ‍ॅसिटेटचा एक ताव चित्रावर ठेवायचा आणि ज्या भागात पंचवीस टक्के पिवळा हवा, तेवढाच भाग अपारदर्शक रंगाने माखायचा. मग पन्नास टक्के पिवळ्यासाठी दुसरा ताव आणि पूर्ण पिवळ्यासाठी तिसरा. पुढे लालचे तीन, निळ्याचे तीन. एका पानाला नऊ ताव. या तावांवरून छायाचित्रणाच्या क्रियेने ठिपक्यांच्या जाळीतून प्रत्येक रंगाची प्लेट तयार होई. छपाईला बराचसा माल इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा येथील छापखान्यात जाई.

वाचकांनी हे काम डोळ्यांसमोर आणावे. तावावर काम करणाऱ्या बाईला समोर हिरवे झाड किंवा लाल झगा दिसत नसे. ती एकाच मळकट रंगाने, संकेत वाचत, आकार माखत जाई. हिरवे झाड पिवळ्याच्या तावावर अर्धे आणि निळ्याच्या तावावर अर्धे असे. पूर्ण चित्र तिच्या हातून जाई, पण तिच्या नजरेसमोर ते कधीच पूर्ण होत नसे. अंक छापून आल्यावर रंग चुकला तर दोष तिच्याकडे येई. रंग साधला तर तिचे नाव कोणी घेत नसे. अंकांवर या स्त्रियांची नावे नाहीत. जुन्या आठवणींत त्यांचा उल्लेख 'ब्रिजपोर्टच्या बायका' असाच सामुदायिक येतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९३६ साली बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील फरक दाखवून दिला. ब्रिजपोर्टचा कारखाना म्हणजे जातिव्यवस्था नव्हती. तेथे काम जन्माने ठरत नव्हते आणि ते सोडून जाण्याची मुभा होती. ही तुलना सरसकट केली तर जातीचे क्रौर्य आपणच सौम्य करून दाखवू. पण त्या भेदातून मिळणारा एक प्रश्न येथेही विचारता येतो. काम वाटून घेणे गैर नाही. वाटणीत एकाच्या वाट्याला निर्णय, नाव आणि ज्ञान यावे व दुसऱ्याच्या वाट्याला केवळ हात यावेत, ही वाटणी कामाची राहते काय?

४

संकेत लिहिणाऱ्या कलरिस्टची स्थितीही फार बरी नव्हती. १९६० च्या दशकात मार्व्हल कंपनीने अंकाच्या पहिल्या पानावर नावे छापण्याचा मोठा गाजावाजा केला. लेखकाचे नाव, चित्रकाराचे नाव, इतकेच काय, फुग्यांतली अक्षरे लिहिणाऱ्याचेही नाव विनोदी विशेषणे लावून छापले जाई. रंग देणाऱ्याचे मात्र नसे. स्पायडर-मॅन आणि फॅन्टास्टिक फोर यांचे रंग ठरवणारे स्टॅन गोल्डबर्ग त्या काळच्या वाचकांना ठाऊक नव्हते. कलरिस्टची नावे नियमाने छापली जाऊ लागली ती १९७० च्या दशकात.

दुसरी गोष्ट अशी की, कॉमिक्सच्या पुरुषी धंद्यात स्त्रिया सर्वांत जास्त दिसतात त्या याच खात्यात. मेरी सेव्हरिन, तात्याना वुड, ग्लिनिस वाइन, एड्रिएन रॉय ही नावे आज आदराने घेतली जातात. यांतील काहीजणी त्याच धंद्यातील पुरुषांच्या पत्नी वा बहिणी होत्या. मेरी सेव्हरिन ई. सी. कॉमिक्समध्ये आल्या त्या त्यांचे चित्रकार बंधू जॉन सेव्हरिन यांच्यामुळे. त्या स्वतः उत्तम रेखाटन करत. मार्व्हलमध्ये पुढे त्यांनी चित्रेही काढली आणि १९७२ पर्यंत तेथील रंगकामाची मुख्य जबाबदारीही सांभाळली. पण रंग भरणे हे दुय्यम, घरच्या बाईला सांगता येण्याजोगे काम, अशी समजूत धंद्यात होती. दुय्यम ठरवलेले काम स्त्रियांकडे आले की स्त्रियांकडे आले म्हणून ते दुय्यम ठरले, हा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी कामांबाबत विचारता येईल.

हे काम कोण कसे शिकत असे? कचेरीत बसून, शेजारच्याचे पाहून. रंगांचे तक्ते कचेरीत आणि छापखान्यात असत. चुकीची किंमत अंक छापून आल्यावर कळे. ज्याला कचेरीत प्रवेश नाही त्याला शिक्षण नाही, असा सरळ हिशेब होता. जो क्युबर्ट यांनी १९७६ साली न्यू जर्सीतील डोव्हर येथे कॉमिक्सची शाळा काढली, तेव्हा शिक्षणाला कचेरीबाहेर एक दार मिळाले. पण ते दार शुल्क भरणाऱ्यांसाठी आणि त्या देशात पोहोचणाऱ्यांसाठी होते.

५

रंगाचा प्रश्न केवळ श्रमाचा नाही. चौसष्ट रंगांच्या त्या तक्त्यात गोऱ्या कातडीला ठरलेला, सोपा, स्वच्छ छापला जाणारा संकेत होता. काळ्या माणसासाठी मात्र तिन्ही रंगांचे मिश्रण लागे. ते वर्तमानपत्री कागदावर मळकट होई आणि कित्येक अंकांत काळी माणसे राखाडी दिसत. राखाडी रंग किती बेभरवशाचा होता याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६२ साली हल्क हे पात्र पहिल्या अंकात राखाडी होते. छपाईत तो रंग पानागणिक बदलला, म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. एका राक्षसी पात्राचा रंग बिघडला तेव्हा त्याचा रंगच बदलण्यात आला. काळ्या माणसांचा रंग दशकानुदशके बिघडत होता, तेव्हा तक्ता बदलण्याची निकड कोणाला भासली नाही.

१९६३ साली 'सार्जंट फ्युरी' या युद्धकथेच्या पहिल्या अंकात गेब जोन्स हा काळा सैनिक होता. छापून आला तेव्हा तो गोरा होता. चित्रात काळा सैनिक असेल हे प्लेट बनवणाऱ्यांना खरेच वाटले नाही. त्यांनी ती चूक समजून 'दुरुस्त' केली, अशी हकीकत स्टॅन ली सांगत. पुढच्या अंकांत तो काळा झाला. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. कट नव्हता, हीच चिंतेची गोष्ट आहे. हाताला लागलेली सवय कटापेक्षा जास्त टिकते.

याच्या आधी दहा वर्षे, १९५३ साली, ई. सी. कॉमिक्सच्या 'वीअर्ड फॅन्टसी'त 'जजमेंट डे' ही कथा आली. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लँडो, रंग मेरी सेव्हरिन यांचे. पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या एका ग्रहाची पाहणी करायला जातो. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन प्रकारचे यंत्रमानव आहेत. आतले भाग तेच, फरक फक्त बाहेरच्या पत्र्याचा. पण निळ्यांची वस्ती वेगळी, बसमध्ये जागा मागे, कामे हलकी. प्रतिनिधी त्या ग्रहाला प्रजासत्ताकात घेण्यास नकार देतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि वाचकाला दिसते की तो काळा आहे. ही कथा रंगाशिवाय सांगताच येत नाही. नारिंगी आणि निळा हे येथे अलंकार नाहीत, तोच कथेचा विषय आहे.

१९५४ साली प्रकाशकांनी आपल्यावर आचारसंहितेचे बंधन घालून घेतले. ही कथा १९५६ च्या एका अंकात पुन्हा छापायची ठरली तेव्हा संहितेचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी अंतराळवीर काळा नसावा असे सांगितले. मालक विल्यम गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी माघार घेतली नाही आणि कथा जशीच्या तशी छापली. तो ई. सी.चा शेवटचा कॉमिक्स अंक ठरला. एका चेहऱ्याचा रंग कोणता असावा यावर एवढा झगडा होऊ शकतो, हे ज्यांना रंग म्हणजे केवळ सजावट वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. मुंबईतून १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'मध्ये असुर बहुधा काळे-तपकिरी आणि राजे-ऋषी गोरे रंगवले गेले. त्याच मालेने १९७९ साली बाबासाहेबांचे चरित्र काढले. ते हाती घेणाऱ्या मुलांनी इतर अंकांतून काळ्या रंगाचा अर्थ आधीच शिकलेला होता. आजही शाळेतल्या खडूच्या डबीत फिकट गुलाबी खडूला मुले 'स्किन कलर' म्हणतात. ते नाव त्यांना वर्गातच मिळते.

६

१९८८ साली मार्व्हलच्या एपिक शाखेने कात्सुहिरो ओतोमो यांची जपानी चित्रकथा 'अकिरा' इंग्रजीत काढायला घेतली. मूळ कथा कृष्णधवल होती. तिला रंग दिले कॅलिफोर्नियातील स्टीव्ह ऑलिफ यांनी आणि त्यासाठी संगणक वापरला. चौसष्टांची भिंत पडली. ब्रिजपोर्टचे नऊ ताव लागेनासे झाले. १९९२ साली आयस्नर पुरस्कारांत रंगकामाचा स्वतंत्र पुरस्कार ठेवण्यात आला, तेव्हा पहिला मान ऑलिफ यांनाच मिळाला. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि १९९४ च्या आवृत्तीत लेअरची सोय आली. रेषा एका थरावर, सपाट रंग दुसऱ्यावर, छाया तिसऱ्यावर. म्हणजे अ‍ॅसिटेटचे तावच पडद्यावर पुन्हा आले, पण आता ते सर्व एकाच माणसाला एकाच वेळी दिसत होते.

तरी यंत्र आले की न्याय आपोआप येतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे. १९९३ साली काळ्या निर्मात्यांनी उभ्या केलेल्या माइलस्टोन या संस्थेने काळ्या माणसांच्या कातडीच्या अनेक छटा पानावर आणल्या. तेथे रंगाच्या संपादक नोएल गिडिंग्ज होत्या आणि त्यांची पद्धत हाताने जलरंगात रंगवण्याची होती. संगणक दाराशी आलेला असताना हे काम कुंचल्याने झाले. छटा दाखवायच्या आहेत हे ठरवणारी माणसे खोलीत आली, म्हणून ते झाले.

७

संगणकाने खरा बदल केला तो शिक्षणात. २००४ साली मार्क कियारेलो आणि टॉड क्लाइन यांचे रंग व अक्षरलेखन यांवरचे पुस्तक आले. २००८ साली ब्रायन आणि क्रिस्टी मिलर यांचे निव्वळ डिजिटल रंगकामावरचे पुस्तक आले. पुढे धंद्यातले कलरिस्ट चित्रफितींतून शिकवू लागले. कचेरीतल्या मेजाशेजारी उभे राहून जे कळे ते तालुक्याच्या गावी बसलेल्या मुलाला कळू लागले. माझा विद्यार्थी असाच शिकला, जुन्या लॅपटॉपवर, रात्री.

त्याने मला शिकवले ते थोडक्यात सांगतो. रेषेचा थर सर्वांत वर, 'मल्टिप्लाय' करून. खाली सपाट रंग. त्यांच्या कडा मऊ ठेवायच्या नाहीत, नाहीतर पुढे जादूच्या कांडीने भाग नेमका निवडता येत नाही. रंग रेषेच्या खाली थोडा सरकवायचा, म्हणजे छपाईत पांढरी फट दिसत नाही. शिकणाऱ्याची पहिली चूक म्हणजे चकाकी आणि छायेपासून सुरुवात करणे. आधी सपाट रंगांतच चित्र वाचता आले पाहिजे, कोण पुढे, कोण मागे, दिवस की रात्र. प्रकाश कुठून येतो ते ठरवल्याशिवाय छाया टाकायची नाही. पडद्यावर झगमगणारा रंग शाईत तसा उतरत नाही, हेही आधीच पाहायचे. तो शिकवत होता आणि मी चुकत होतो. आयुष्यात प्रथमच मला विद्यार्थ्यासमोर विद्यार्थी होता आले.

पण इतिहास दुसऱ्या दाराने परत आला. काम पुन्हा दोन भागांत फुटले. छाया-प्रकाश करणारा तो कलरिस्ट, त्याचे नाव अंकावर; सपाट भाग पाडणारा तो फ्लॅटर, त्याचे बहुधा नसते. कलरिस्टलाही मान सहज मिळालेला नाही. एका संमेलनाने कलरिस्टांना पाहुणे म्हणून बोलावण्यास नकार दिला, तेव्हा २०१३ साली जॉर्डी बेलेर यांनी त्यावर जाहीरपणे लिहिले आणि मोठी चर्चा झाली. नाव मागावे लागते. ते आपोआप मिळत नाही. फ्लॅटरने ते अजून नीट मागितलेले नाही. तो दूरच्या देशात आहे, एकटा आहे, आणि दुसरा कोणी कमी दरात तेच करायला तयार आहे हे त्याला ठाऊक आहे. ब्रिजपोर्टच्या बायका निदान एका छताखाली होत्या.

८

एकदा या विद्यार्थ्याने सरावासाठी रंगवलेले पान मला दाखवले. शेतात काम करणारी माणसे होती, रेषा त्याचीच होती. सगळ्यांची कातडी गुलाबी होती. मी विचारले, "ही माणसे कुठली?" "आमच्या गावची." "मग रंग?" तो थोडा थांबला. "पॅलेटमध्ये स्किन म्हणून हाच होता सर." त्याने ते पॅलेट कुठून तरी फुकट उतरवले होते. साठ वर्षांपूर्वीचे 'वाय२ आर२' माझ्या तालुक्यातल्या मुलाच्या लॅपटॉपवर येऊन बसले होते. तो उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी आईचे उन्हातले आणि घरातले अशी दोन छायाचित्रे घेऊन आला. त्यांतून त्याने सात छटा काढल्या. उन्हात कपाळावर येणारी छटा जवळजवळ पिवळी होती आणि मानेखालची जांभळ्याकडे झुकणारी. मला ती दिसली असती असे वाटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ही कला आपल्या मुलांनी शिकावी आणि ज्यांना येते त्यांनी शिकवावी. पण केवळ फ्लॅट्स शिकवून थांबणे म्हणजे हात तयार करणे आहे. सपाट रंगाबरोबर प्रकाश शिकवा, छपाई शिकवा, रंग ठरवण्याचा अधिकार शिकवा, करार वाचायला शिकवा आणि काम घेतानाच नावाची मागणी लेखी करायला शिकवा. ब्रिजपोर्टचा आणि गेब जोन्सचा इतिहासही त्याच वर्गात शिकवा, म्हणजे 'पद्धत नाही' हे उत्तर कोठून येते ते त्यांना कळेल.

माझ्या विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात नवे काम घेताना कलरिस्टला नावाविषयी लिहिले. उत्तर आले की प्रकाशकाला विचारून सांगतो. अजून काही कळलेले नाही. दरम्यान तो दर रविवारी महाविद्यालयाच्या एका रिकाम्या खोलीत चार मुलांना आणि दोन मुलींना शिकवतो. लॅपटॉप दोनच आहेत. पहिल्या दिवशी त्याने त्यांना फ्लॅट्स दिले नाहीत. प्रत्येकाला आपल्या घरच्या एका माणसाचे छायाचित्र आणायला सांगितले.